पांढरे पाकीट, लाल पाकीट : चीनला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत चीनला निघालेल्या वाचकांची पत्रे बरीच आहेत. कोणी यंत्रसामग्री पाहण्यासाठी जात आहे, कोणी कंपनीच्या कामासाठी, तर कोणी लेणी आणि मठ पाहण्यासाठी. मी काही वर्षे ग्वांगचौ शहरात आणि चेच्यांग प्रांतात दुभाषी म्हणून काम केले असल्याने ही उत्तरे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. परका माणूस म्हणून आपल्या हातून झालेल्या चुका चिनी यजमान सहज पोटात घालतात. मात्र "आपल्याकडेही असेच असते" असे गृहीत धरून आपण जे करतो, तेथे खरी अडचण होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून दोन्हीकडच्या रीती जेथे सारख्या वाटतात, त्या जागांकडे मी जास्त लक्ष दिले आहे.

प्रश्न : आमचा मुलगा शांघायला नोकरी करतो. त्याच्या चिनी सहकाऱ्याच्या लग्नाचे निमंत्रण आम्हा उभयतांनाही आले आहे. आहेराचे पाकीट आणि सोबत कोल्हापुरी चपलांचा जोड द्यावा, असे मनात आहे. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण आधी विचारलेत हे फार बरे झाले. आपल्याकडे आहेराची रक्कम ५०१ किंवा ११०१ अशी असते. वरचा एक रुपया शुभ मानला जातो आणि पाकीट पांढरे असले तरी त्यावर सोनेरी गणपती किंवा कलश छापलेला असला की कोणाला काही वावगे वाटत नाही. चीनमध्ये या दोन्ही गोष्टी उलट अर्थाच्या आहेत. पांढरा रंग शोकाचा आहे. ज्या घरी मृत्यू झाला असेल तेथे पांढऱ्या पाकिटातून मदतीची रक्कम देतात आणि अनेक प्रांतांत ती रक्कम मुद्दाम विषम ठेवतात, कारण दुःख जोडीने येऊ नये अशी त्यामागची भावना असते. लग्नात लाल पाकीट, म्हणजे होंगबाओ, देतात आणि त्यातली रक्कम सम असते, कारण शुभ गोष्टी जोडीने याव्यात. म्हणजे आपले ११०१ चे पांढरे पाकीट अत्यंत प्रेमाने दिले, तरी तेथे ते सांत्वनाचे पाकीट दिसेल.

रकमेत ४ हा आकडा टाळावा, कारण त्याचा उच्चार 'मृत्यू' या शब्दाच्या उच्चाराच्या अगदी जवळचा आहे. कित्येक इमारतींच्या लिफ्टमध्ये चौथा आणि चौदावा मजलाच नसतो. ६ हा आकडा सुरळीतपणाचा आणि ८ हा भरभराटीचा मानतात. बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता झाले, ते याच कारणाने. २५० ही रक्कम सम असली तरी कधीही देऊ नये, कारण बोलभाषेत 'अडीचशे' म्हणजे अर्धवट डोक्याचा माणूस. या सगळ्याला एक गोड अपवाद आहे. काही ठिकाणी वराकडची मंडळी वधूला १०,००१ युआन देतात. दहा हजारांतून निवडलेली एक, असा त्याचा अर्थ. तो मान घरच्या माणसांचा आहे, पाहुण्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

नोटा कोऱ्या असाव्यात आणि पाकिटावर आपले नाव लिहावे. लग्नाच्या दाराशी एक टेबल असते आणि कोणी किती दिले याची नोंद तेथे वहीत करतात. आपल्याकडची आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. पुढे त्या घरी कार्य निघाले की हीच वही उघडली जाते. म्हणून फार मोठी रक्कम देऊन समोरच्यावर परतफेडीचे ओझे टाकू नये. कार्यालयातले इतर सहकारी किती देत आहेत, हे मुलाला विचारून तेवढेच द्यावे.

आता चपलांविषयी. कोल्हापुरी चपलेचा आपल्याला कितीही अभिमान असला तरी ती या प्रसंगी देऊ नका. चिनी भाषेत पादत्राणासाठीचा 'श्ये' हा शब्द 'अमंगळ' या अर्थाच्या शब्दासारखाच ऐकू येतो, आणि पादत्राणे भेट देणे म्हणजे माणसाला आपल्यापासून दूर चालायला लावणे, असेही मानतात. घड्याळाचे तसेच आहे. 'भिंतीवरचे घड्याळ भेट देणे' आणि 'मरणासन्न वडीलधाऱ्याची शेवटची सेवा करणे' हे दोन शब्दप्रयोग कानाला सारखेच लागतात. छत्रीच्या शब्दात 'विखुरणे' ऐकू येते. येथे पाहुणे बोलावणाऱ्या कंपन्यांसाठीही एक सूचना करते. चिनी पाहुण्याला सन्मानाने फेटा बांधायचा असेल तर तो हिरवा असू नये, कारण 'हिरवी टोपी घालणे' याचा तेथील अर्थ पत्नीने प्रतारणा केलेला नवरा असा आहे.

मग काय द्यावे? पैठणी विणीची लाल किंवा जांभळी ओढणी, वारली चित्रांची जोडी, कोकणातले चांगले काजू यांपैकी काहीही आवडेल. वस्तू लाल किंवा सोनेरी कागदात बांधून दोन्ही हातांनी द्यावी. समोरची व्यक्ती दोनदा-तीनदा नको म्हणेल, तो संकोच शिष्टाचाराचा असतो. भेट आपल्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नये. ती न उघडणे हीच तेथील रीत आहे.

प्रश्न : आमचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. एका चिनी उत्पादकाशी पहिल्या भेटीत सगळे ठरले. नंतर "अभ्यास करून कळवतो" असे सांगून त्यांनी महिना घालवला. आता करार आला आहे, तर त्यावर कोणाची सही नाही, केवळ एक लाल शिक्का आहे. या माणसांवर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न त्या "अभ्यास करून कळवतो" या वाक्याचा. चिनी भाषेत 'यानच्यू यानच्यू' असे दुहेरी उच्चारले जाणारे हे शब्द म्हणजे आपले 'बघू या'. आपल्याकडे वधूपित्याला "बघू या, कळवतो" असे उत्तर मिळाले की तो काय समजायचे ते समजतो. तरीही तेच शब्द दुसऱ्या भाषेतून आले की आपण त्यांचा सरळ अर्थ घेतो. दुभाषी म्हणून माझ्या पहिल्याच वर्षी ही चूक माझ्या हातून झाली. समोरच्यांचे वाक्य मी शब्दशः मराठीत सांगितले, त्यात दडलेला नकार सांगितला नाही, आणि माझ्यावर विसंबलेल्या उद्योजकाने तीन महिने वाट पाहिली. शब्द बरोबर आणि अर्थ चुकीचा, हे दुभाष्याच्या कामातले सर्वांत मोठे अपयश आहे आणि त्याची बोच मला आजही आहे. 'सोयीचे नाही', 'नंतर बोलू', 'थोडे अवघड आहे' हीदेखील त्याच कुळातली वाक्ये आहेत.

सरळ 'नाही' न म्हणण्यामागे 'मिएनत्स' ही कल्पना आहे. चार लोकांत असलेली माणसाची पत, असा त्याचा साधारण अर्थ होईल. नकार दिला की मागणाऱ्याची पत कमी होते आणि देणाऱ्याचीही, म्हणून दोघांचीही अब्रू राखून मागे फिरता येईल अशी वाट मोकळी ठेवतात. आपण करायचे ते एवढेच, की 'हो की नाही' असा प्रश्न विचारायचा नाही. "किंमत, मुदत आणि सुटे भाग यांपैकी कोणत्या बाबतीत आम्ही काही बदल केला तर तुम्हांला सोपे जाईल?" असे विचारले की खरी अडचण पुष्कळदा लगेच बाहेर येते. दोन्ही बाजूंना ओळखणारा मध्यस्थ असेल तर त्याच्यामार्फत विचारणे आणखी चांगले. नमुन्यात दोष आढळला तर तो कामगारांसमोर किंवा कनिष्ठांसमोर दाखवू नये. व्यवस्थापकाला चहाच्या वेळी बाजूला घेऊन दाखवावा. चारचौघांत दाखवलेला दोष तो मान्य करणार नाही, खासगीत दाखवलेला रातोरात दुरुस्त करून देईल.

आपल्या बाबतीत महिन्याभरानंतर का होईना, करार आला आहे, याचा अर्थ तो अभ्यास खरा होता. आता शिक्क्याविषयी. आपल्याकडे सही महत्त्वाची आणि शिक्का शोभेचा असतो. चीनमध्ये बहुधा याच्या उलट असते. मध्यभागी पाच टोकांचा तारा आणि कडेने चिनी लिपीत कंपनीचे नाव असलेला गोल लाल शिक्का हीच कंपनीची खूण मानली जाते. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या तेथील नागरी संहितेनुसार सही, शिक्का किंवा अंगठ्याचा ठसा यांपैकी एकानेही करार होतो. करारासाठीचा शिक्का वेगळा आणि हिशेबाच्या कागदांचा वेगळा, अशीही व्यवस्था असते. त्यामुळे सही नाही म्हणून शंका घेऊ नका, तपासणी मात्र जरूर करा. कंपनीचे कायदेशीर नाव हे चिनी लिपीतलेच असते. कार्डावरच्या इंग्रजी नावाला तसा आधार नसतो. शिक्क्यावरचे नाव, व्यवसाय परवान्यावरचे नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे भरायचे त्या खात्याचे नाव ही तिन्ही अक्षरन् अक्षर जुळली पाहिजेत. परवान्यावर १८ अक्षरांकांचा नोंदणी क्रमांक असतो, तो पडताळून घ्यावा. कराराची पाने अनेक असतील तर ती पंख्यासारखी पसरून सर्व पानांच्या कडांवर मिळून एक शिक्का उमटवलेला असावा, म्हणजे मधले पान कोणाला बदलता येत नाही. खाते एखाद्या व्यक्तीच्या नावाचे दिले असेल तर तेथेच थांबावे आणि जाणत्या वकिलाला कागद दाखवावेत.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी मी दोन आठवडे चीनला जाणार आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही. माझ्या आधी गेलेल्या सहकाऱ्यांनी सांगितले, की जेवणाच्या टेबलावरच सगळे ठरते आणि नकार दिला तर अपमान होतो. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सहकाऱ्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. जेवणाला महत्त्व आहेच. पण न पिणाऱ्यासाठी चिनी रीतीतच एक सन्मानाची वाट आहे. 'यी छा ताय च्यू', म्हणजे 'मद्याच्या जागी चहा', असे म्हणून आपण चहाचा पेला उचललात तर तो शुभेच्छांचा स्वीकार मानला जातो. अट एवढीच, की हे पहिल्याच फेरीला सांगावे. पहिले दोन पेले घेऊन तिसऱ्याला नकार दिला तर मात्र यजमानाला वाटते, की आपल्याच वेळी याने हात आखडता घेतला. प्रकृतीचे किंवा धर्माचे कारण आदराने ऐकले जाते. समोर असलेली बायच्यू ही धान्याची दारू पुष्कळदा ५० टक्क्यांहून तीव्र असते, हे 'गानबेई' म्हणजे 'पेला रिकामा करा' असा पुकारा होतो तेव्हा लक्षात असू द्यावे. पेले एकमेकांना लावताना वडीलधाऱ्या व्यक्तीच्या पेल्याच्या काठापेक्षा आपल्या पेल्याचा काठ किंचित खाली धरावा. एवढ्याशा कृतीची टेबलावरचा प्रत्येक जण नोंद घेतो.

शाकाहाराचा प्रश्न अधिक बिकट आहे. 'मी मांस खात नाही' असे सांगितले तर बहुतेकांना 'डुकराचे मांस खात नाही' एवढाच बोध होतो आणि मासे, कोळंबी समोर येतात. 'वो छी सू', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', असे म्हणावे. शिवाय मांस, मासे, कोळंबी, मांसाचा रस्सा, चरबी आणि कालवांचा सॉस यांपैकी काहीही नको, हे चिनी लिपीत लिहून घेऊन तो कागद जवळ ठेवावा. अंडे चालते की नाही, हेही त्यात असू द्यावे. माफो टोफू या प्रसिद्ध सछ्वान पदार्थात खिमा असतो, आणि परतलेल्या शेंगांच्या भाजीतही तो पुष्कळदा घालतात. नावावरून किंवा चित्रावरून हे कळत नाही. बटाटा, वांगे आणि ढोबळी मिरची यांची 'ती सान श्येन' ही ईशान्य चीनमधली भाजी, आंबट-तिखट बटाट्याचा कीस आणि नुसत्या परतलेल्या पालेभाज्या भातासोबत पोटभर होतात.

बौद्ध मठांजवळची शाकाहारी उपाहारगृहे हा सर्वांत निर्धास्त पर्याय आहे. शांघायमधले कुंगतलिन हे अशा प्रकारचे उपाहारगृह १९२२ सालापासून चालू आहे. तेथे मासा किंवा बदक दिसले तरी दचकू नका. ती सोयाबीनची आणि गव्हाच्या सत्त्वाची हुबेहूब नक्कल असते. या परंपरेत कांदा-लसणासारखे पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत आणि त्या जुन्या यादीत हिंगही आहे. त्याचे चिनी नाव आपल्या संस्कृत 'हिंगु'वरूनच तेथे गेले. जैन वाचकांना कांदा-लसूण टाळण्यासाठी ही जागा सोयीची आहे. बटाट्यासारख्या कंदमुळांचे मात्र वेगळे सांगावे लागेल.

बसण्याची जागा स्वतः निवडू नये. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची असते आणि कोणी कोठे बसायचे ते यजमान ठरवतो. चॉपस्टिक भाताच्या वाटीत उभ्या खोचू नयेत, कारण मृतासमोर ठेवलेल्या भातात उदबत्त्या खोचतात, त्याची ती आठवण करून देते. आपल्याकडे आग्रह करून वाढतात तसेच तेथेही वाढतात, पण आपण ताटात काही टाकत नाही आणि तेथे रिकामी ताटली म्हणजे 'अजून हवे' असा अर्थ घेतला जाई. २०२१ साली अन्नाची नासाडी रोखणारा कायदा आल्यानंतर उरलेले अन्न डब्यात घालून नेण्यात आता कोणी कमीपणा मानत नाही; तरी शेवटचा घास थोडा सावकाश खावा हे बरे. बिल यजमानच देतो. आपण दुसऱ्या दिवशी त्यांना जेवायला बोलवावे.

ग्वांगतोंग प्रांतात कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करतात. छ्येनलोंग बादशहा वेष पालटून फिरताना सोबतच्या माणसाला स्वतः चहा ओतू लागला, त्याला उघडपणे साष्टांग नमस्कार करता येईना म्हणून त्याने बोटे वाकवून तो केला, अशी या रीतीची दंतकथा सांगतात. चहा हा शब्दच मुळात तिकडून आपल्याकडे आला आहे. त्याच्यासोबतची ही कृतज्ञता आपण शिकून यावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : चिनी नावे उच्चारताना फार गोंधळ होतो. व्यक्तीला हाक कशी मारावी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आडनाव आधी येते आणि हाक आडनाव व हुद्दा मिळून मारतात. कंपनीच्या प्रमुख वांग यांना 'वांग त्सोंग', शिक्षक असलेल्या ली यांना 'ली लाओशी'. नुसत्या नावाने हाक घरचे किंवा जिवलग मित्रच मारतात. उच्चारांत मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. रोमन लिपीत 'झेड' अक्षराने लिहिला जाणारा चिनी ध्वनी 'चमचा' या शब्दातल्या 'च'च्या अगदी जवळचा आहे, जो पुष्कळ परभाषकांना जमतच नाही. सूर मात्र कान देऊन शिकावे लागतात. 'माय' हा शब्द आवाज खाली नेऊन पुन्हा वर आणत म्हटला तर 'विकत घेणे' आणि झटकन खाली आणत म्हटला तर 'विकणे'. व्यापाऱ्याने निदान हे दोन सूर पक्के करूनच जावे.

प्रश्न : चिनी नववर्ष दर वर्षी वेगळ्या तारखेला का येते? आमच्या कारखान्याच्या मागण्या जानेवारीनंतर नेहमीच रखडतात, त्याचा या सणाशी संबंध आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्याच्या घरात कालनिर्णय टांगलेला आहे त्याला चिनी पंचांग समजावून सांगणे अवघड नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. चिनी महिना अमावास्येचा क्षण ज्या दिवशी येतो त्याच दिवशी सुरू होतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने दोघांनाही अधिक महिना घ्यावा लागतो, आणि तो ठरवण्याचा नियमही एकाच घाटाचा आहे. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक. तिकडे सूर्याच्या वर्षभरातल्या १२ मुख्य टप्प्यांपैकी एकही ज्या महिन्यात येत नाही तो अधिक. फरक एवढा, की आपण तारकांच्या संदर्भाने राशी मोजतो आणि ते अयन-संपातांच्या संदर्भाने. त्यामुळे दोन्हींचे अधिक महिने एकाच वेळी येतीलच असे नाही. २०२३ साली आपल्याकडे श्रावण अधिक होता आणि चीनमध्ये दुसरा महिना. २०२५ साली तिकडे सहावा महिना अधिक होता आणि आपल्याकडे त्या वर्षी अधिक मास नव्हताच.

याचा परिणाम सणांत दिसतो. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा मध्य-शरद उत्सव २०२४ साली १७ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या अनंत चतुर्दशीच्या दिवशी, आला होता. २०२५ साली तो ६ ऑक्टोबरला थेट कोजागरीला आला. आपण मसाला दूध आटवत होतो त्याच चंद्राखाली तिकडची कुटुंबे एकत्र बसून कमळबियांच्या सारणाचे गोल चंद्र-केक कापत होती.

नववर्ष, म्हणजे वसंतोत्सव, २१ जानेवारी ते २१ फेब्रुवारीच्या दरम्यान येतो. २०२६ साली तो १७ फेब्रुवारीला आणि २०२७ साली ६ फेब्रुवारीला. अधिकृत सुट्टी आता आठ-नऊ दिवसांची असते आणि तिच्या बदल्यात आगेमागे एखाद्या शनिवारी-रविवारी काम करतात. कारखान्यांचे वास्तव मात्र याहून लांब असते. किनाऱ्यावरच्या औद्योगिक शहरांत काम करणारे कोट्यवधी कामगार वर्षातून याच एका वेळी आपल्या गावी परततात. मागे ठेवलेली लेकरे आणि म्हातारे आईवडील त्यांना याच दिवसांत भेटतात. प्रवासाचा हंगाम ४० दिवस चालतो. कामगार सणाच्या आधी आठ-दहा दिवस निघतात, पंधराव्या दिवशीच्या कंदील-उत्सवापर्यंत पुष्कळ जण परतत नाहीत आणि काही जण नोकरी बदलून दुसरीकडेच जातात. आपल्या मागण्या रखडण्याचे कारण हेच आहे. माल सणाच्या किमान तीन आठवडे आधी बंदरावर पोहोचेल अशी मागणी नोंदवावी आणि सणानंतरच्या पहिल्या खेपेची तपासणी अधिक काळजीने करावी, कारण तेव्हा यंत्रावर नवे हात असतात. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनापासूनचा आठवडाही टाळावा.

प्रश्न : मी बौद्ध उपासक आहे. चीनमधली कोणती स्थळे पाहावीत आणि मंदिरात कसे वागावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण लुओयांगपासून सुरुवात करावी. तेथील श्वेताश्व मठ परंपरेनुसार इसवी सन ६८ मधला आहे आणि भारतातून आलेल्या काश्यप मातंग व धर्मरत्न या दोन भिक्षूंच्या समाध्या तेथे आहेत. त्याच परिसरात सांचीच्या धर्तीवर बांधलेले एक भारतीय शैलीचे मंदिर आहे. त्याचे उद्घाटन मे २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. जवळच लोंगमन लेणी आहेत. तेथील वैरोचन बुद्धाची मूर्ती १७ मीटरहून उंच असून ती ६७५ साली पूर्ण झाली. वेरूळ पाहिलेल्या माणसाचे पाय तेथून लवकर निघत नाहीत.

नंतर शिआनला जावे. ह्यूएन त्संग यांनी भारतातून नेलेले ६५७ ग्रंथ जपण्यासाठी ६५२ साली बांधलेला महाहंस पॅगोडा तेथे उभा आहे. हे भिक्षू पुलकेशी दुसरा याच्या काळात महाराष्ट्रात आले होते. येथील माणसे मानी आहेत, उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, अशा आशयाचे वर्णन त्यांनी करून ठेवले आहे, आणि त्यांच्या वृत्तांतातला डोंगरातला मठ म्हणजे अजिंठा असावा, असे अभ्यासक मानतात. आपल्या भूमीविषयी चौदाशे वर्षांपूर्वी इतक्या लक्षपूर्वक लिहिणाऱ्या माणसाच्या पॅगोड्यासमोर उभे राहताना माझे डोळे भरून आले होते.

वागण्याविषयी सांगायचे तर उंबरठ्यावर पाय देऊ नये, तो ओलांडावा. हे आपल्याला घरीच शिकवलेले असते. परंतु पादत्राणे काढू नयेत. चिनी मंदिरात ती घालूनच आत जातात आणि दाराशी चपला काढून ठेवणारा भारतीय पाहुणा तेथे ओळखू येतो. उदबत्त्या तीन घ्याव्यात आणि त्या बाहेरच्या मोठ्या धूपपात्रात लावाव्यात. मधले दार सोडून बाजूच्या दाराने जावे, मूर्तीकडे बोट दाखवू नये आणि सभागृहात छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. प्रवेशाच्या दालनात हसणारे, मोठ्या पोटाचे जे रूप दिसते ते मैत्रेयाचे आहे, आणि जिला सर्व जण माता म्हणून पुजतात ती क्वानयिन म्हणजे आपले अवलोकितेश्वर.

प्रश्न : बीजिंगला कामासाठी जात आहे. डॉ. कोटणीस यांच्या समाधीचे दर्शन घेता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अवश्य घ्यावे. समाधी बीजिंगमध्ये नाही, ती हपै प्रांताची राजधानी शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत आहे. बीजिंगहून वेगवान रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तासात तेथे पोहोचता येते, म्हणजे एका दिवसात जाऊन परत येणे शक्य आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. युद्धभूमीवर जखमींची सेवा करताना ते तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चिनी लोक त्यांना 'ख तीह्वा' या नावाने ओळखतात. तेथे हेच नाव सांगावे; 'कोटणीस' म्हटल्यावर गोंधळलेला चेहरा ते नाव ऐकताच उजळतो.

शक्य असेल तर ४ किंवा ५ एप्रिलच्या सुमारास जावे. तो छिंगमिंगचा, म्हणजे पूर्वजांची थडगी झाडून स्वच्छ करण्याचा दिवस असतो, आणि ज्यांचे कोणी जवळ नाही अशा हुतात्म्यांच्या समाध्यांवर त्या दिवशी शाळेतली मुले फुले वाहतात. फुले नेताना पांढरी किंवा पिवळी शेवंती न्यावी. लग्नघरी जी चुकूनही नेऊ नये, ती येथे योग्य आहे. सोबत सोलापूरची थोडी माती नेण्याची इच्छा अनेकांना होते, परंतु माती चीनमध्ये नेण्यास बंदी आहे. तिच्याऐवजी सोलापुरी चादरीच्या विणीचा एखादा लहान तुकडा समाधीपाशी काही क्षण ठेवून परत घरी आणावा.